न उघडलेली दारं

माझी लेक तापातून उठेना, तेव्हा मी बोलले होते, "देवा, ती बरी होऊ दे, सोळा सोमवार येसूची कहाणी सांगेन." ती बरी झाली, म्हणून ती कहाणी आज ऐका.

एका नगरात ताप आला. गल्ल्या भरदुपारी मुक्या झाल्या. वैद्य धाडावा का, हे ठरवायला राजाने मोजदाद करणाऱ्या गणकशास्त्रींना घरोघर विचारत फिरवलं. शास्त्रींनी चौकात, राजासमोर, ऐटीत निकाल वाचला.

"महाराज, शंभर दारं ठोठावली. साठांनी उत्तर दिलं, साठच्या साठ ठणठणीत. साथ नाही, वैद्य नको!"

विणकराची येसू पुढे आली. तिच्या खांद्यावर तान्हं तापाने फणफणत होतं.

"शास्त्रीबुवा, आणि उरलेली चाळीस?"

"दार उघडलं नाही, म्हणून मोजली नाहीत. शास्त्राचा नियम आहे, बाई!"

"बुवा, ज्याला अंथरुणातून उठवत नाही, तो दार कसा उघडेल? साथ दाराआड राहिली. तुम्ही फक्त उभी माणसं मोजलीत."

तेवढ्यात समोरच्या बंद दारावर आतून कुणीतरी हळूच टकटक केलं.

शास्त्रींच्या हातून कागद गळले. राजाने त्याच क्षणी वैद्य बोलावले.

येसूचं तान्हं वाचलं, तशी तुमचीही वाचोत. बायांनो, शेजारचं दार दोन दिवस उघडलं नाही, तर तुम्ही जाऊन हाक मारा.