भिवरा सुईण चोर झाली त्याची गोष्ट

एका राज्यात नऊ वर्षे कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. राजाच्या नाही, रंकाच्या नाही, गोठ्यातल्या गाईच्यासुद्धा नाही. माणसे दिवसभर राबत, रात्री अंथरुणे घालत, आढ्याकडे बघत पडून राहत आणि उजाडले की अंथरुणे गुंडाळत. सुतार पटाशी धरून उभा राही आणि काय तासायचे होते तेच विसरे. भांडायलाही कुणात त्राण उरले नव्हते.

हे झाले थोरल्या महाराजांच्या शिकारीपायी. काळ्या डोंगरावर जृंभक नावाचा मांत्रिक सात वर्षांच्या निद्रेत होता. महाराजांच्या हाकाऱ्यांनी त्याच्या गुहेपाशी ढोल बडवले. जृंभक दचकून उठला आणि म्हणाला, "राजा, माझी झोप तू मोडलीस. तुझी मी नेतो." त्याने राज्याची सारी झोप एका चंदनी पेटीत भरली आणि पेटीवर शाप घातला: बळाने घ्याल तर दगड होईल, मोलाने घ्याल तर राख होईल, मागून घ्याल तर धूर होईल. चोरून न्याल तरच झोप तुमची.

थोरले महाराज त्या दुःखातच गेले. त्यांचे पुत्र धैर्यसेन गादीवर आले. त्यांनी सैन्य पाठवले, सैन्याच्या हाती दगड आला. सोन्याने लादलेले हत्ती पाठवले, माहुतांच्या हाती राख आली. मग स्वतः अनवाणी गेले आणि झोळी पसरली. झोळीतून धूर निघाला. दर वेळी पाठ फिरवली की पेटी पुन्हा गुहेत होती तशी. आता उरली ती चोरी. पण राज्यात चोर नव्हता. सारे गाव टक्क जागे असताना चोराने करावे काय? ते केव्हाच परमुलखात निघून गेले होते.

मोठी माणसे कशीबशी तगली. तान्ही तगत नसत. झोपेवाचून मूल महिनाभर जगे, फार तर सव्वा महिना. महिन्याभराची तान्ही सोडली तर राज्यात नऊ वर्षांखालचे एकही मूल नव्हते.

त्या राज्यात भिवरा नावाची सुईण होती. वय पन्नाशीचे, पाय सुजलेले, हात मात्र लोण्यासारखे. तिने मुले उपजताना पाहिली आणि महिन्याने तीच मुले पुरतानाही पाहिली. तिची लेक सगुणा बाळंत झाली, मुलगी झाली. अठराव्या दिवशी नातीचे रडणे मांजरीच्या पिल्लाइतके बारीक झाले. भिवराने हात धुतले आणि ती भर दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, चोर मिळत नसेल तर मला चोर करा."

राजा थकलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिला. "चोर करता येतो?"

"येतो," असे उत्तर आले, पण ते सिंहासनाच्या कमानीवरून. तिथे एक म्हातारी साळुंकी बसे. राज्यातला शेवटचा नामांकित चोर परमुलखात गेला तेव्हा पंख मोडला म्हणून त्याची ही पाळलेली साळुंकी मागे राहिली होती. "मी घडवीन. पण सर्वगुणी चोर घडत नाही, महाराज. कुठेतरी उणे राहतेच."

साळुंकीने तीन वाट्या मांडायला लावल्या आणि बारा लाल गुंजा आणवल्या. "माणसाच्या अंगात बारा गुंजांइतके कसब मावते. पहिली वाटी पावलाची, दुसरी हाताची, तिसरी जिभेची. कुठे किती टाकायच्या ते तू ठरव. टाकलेली गुंज परत निघत नाही."

राजा म्हणाला, "तलवारीसाठी एखादी?"

"तलवार काढायची वेळ आली तर तो चोर कसला?" साळुंकी म्हणाली.

भिवराने पावलाच्या वाटीत पाच गुंजा टाकल्या. त्या पाण्यात मीठ विरावे तशा विरल्या आणि तिच्या पायांची सूज उतरली. हाताच्या वाटीत पाच टाकल्या. तिच्या बोटांना वाऱ्याची दिशा कळू लागली. उरल्या दोन, त्या जिभेच्या.

साळुंकीने मान हलवली. "बाई, दोन गुंजांच्या जिभेने आंधळ्यालाही फसवता यायचे नाही."

"मला खोटे बोलायची सवय नाही. उगाच जास्त कशाला वाया घालवू?"

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच भिवरा डोंगर चढली. गुहेपुढे वाळल्या सागपानांचे अंगण होते. एक पान करकरले की डोंगर गर्जत असे. बाळंतिणीचा डोळा लागलेल्या खोलीतून एके काळी ती जशी चाले, तशी ती त्या पानांवरून चालली. डोंगर गप्प राहिला.

पुढे दार होते. दाराला एका दोरीत ओवलेल्या शंभर पितळी घंटा होत्या. भिवराने पदराचा एकेक धागा ओढला आणि एकेका घंटेचा लोलक बांधला. शंभरावा लोलक बांधला तेव्हा सूर्य माथ्यावर आला होता, आणि तिच्या पदराची नुसती जाळी उरली होती. तिने दार ढकलले. घंटा हलल्या, वाजल्या नाहीत.

आत जृंभक बसला होता. समोर कोनाड्यात पेटी होती आणि त्याचे डोळे पेटीवर होते. डोळे लाल, कोरडे, पापण्या न मिटणारे.

"कोण?"

भिवरा म्हणणार होती, वाट चुकले. जीभ टाळूला चिकटली. मग ती म्हणाली, "चोर. आमची झोप न्यायला आले."

जृंभक हसला नाही. "नेता आली तर ने. माझाच शाप मला बांधून बसला आहे. पेटीवरून माझी नजर हलत नाही. मी बघत असताना उचललीस तर ती चोरी नव्हे, लूट. दगड होईल."

"मग मी जरा बसते. फार चालले."

ती बसली. दोघांच्याही अंगात घाई करायची शक्ती नव्हती.

शेवटी जृंभक म्हणाला, "नऊ वर्षांत कुणी बोलायला आले नाही. येतात ते लढायला किंवा रडायला. तू काय करतेस?"

"सुईण आहे. मुले या हातांनी येतात. महिन्याने जातात."

"जातात म्हणजे?"

"तान्ह्याला झोप हवी असते, बाबा. दुधाआधी झोप हवी असते."

तिने सांगितले. कुंभारणीचे जुळे सांगितले, माळ्याच्या घरचे नवसाचे पोर सांगितले. सगुणा लेकीला मांडीवर घेऊन अंगाई म्हणते, मूल झोपणार नाही हे ठाऊक असून म्हणते, ते सांगितले. नातीची मूठ किती एवढीशी आहे ते सांगितले. दोन गुंजांच्या जिभेला सजवून सांगता येत नव्हते. जसे होते तसे ती सांगत गेली.

"मला वाटले, मी राजाची झोप नेली," जृंभक म्हणाला.

नऊ वर्षे कोरडे असलेले त्याचे डोळे भरून आले. पापण्या मिटल्या नाहीत, पण उघड्या डोळ्यांत पाणी तुडुंब उभे राहिले आणि गुहा, कोनाडा, पेटी सारे त्यात बुडाले. भिवरा काही मनात योजून बोलली नव्हती. तिच्याही डोळ्यांना धार लागली होती. पण तिच्या हातांना तिच्याआधी कळले. जृंभकाच्या डोळ्यांतले पाणी गालावर ओघळले तेव्हा कोनाडा रिकामा होता.

"गेली," जृंभक म्हणाला. त्याच्या पापण्या हळूहळू उतरल्या. बसल्या जागी तो कलंडला आणि घोरू लागला.

भिवराने येताना खांद्यावर आणलेली साळुंकी डोंगराच्या पायथ्याशी वाट बघत होती. "वेशीत उघड," ती म्हणाली. "आणि ध्यानात ठेव, पेटी वाहणाऱ्याचा वाटा सर्वांत शेवटी येतो."

दुपार कलली तेव्हा भिवराने वेशीत पेटी उघडली. दिसले काहीच नाही. उन्हात वाळवलेल्या गोधडीला येतो तसा ऊबदार वास तेवढा आला. वेशीवरचे पहारेकरी भाल्याला टेकून खाली घसरले. मग बाजार झोपला, मग पेठा झोपल्या, बैल जुवासकट बसले.

साऱ्या राज्यात भिवरा एकटी जागी राहिली. घरोघरी चुली पेटलेल्या होत्या. ती एकेका घरात शिरली आणि उतू चाललेले दूध उतरवले, लाकडे बाहेर ओढून विझवली. विहिरीच्या काठावर पेंगलेल्या बाईला तिने काखेत धरून मागे ओढले. वाड्यात धैर्यसेन पायऱ्यांवर झोपले होते. मुकुट कपाळाला रुतत होता, तो तिने काढून बाजूला ठेवला.

सांज होता होता ती लेकीच्या घरी पोचली. सगुणा भिंतीला टेकून झोपली होती. मूल तिच्या मांडीवरून घसरत आले होते. भिवराने ते उचलले. त्याचा श्वास संथ चालला होता, मूठ उघडली होती. तिने त्याला छातीशी घेतले, लेकीशेजारी जमिनीवर अंग टाकले, आणि उशी घ्यावी असे मनात येईपर्यंत तिचाही डोळा लागला.

राज्य तीन दिवस झोपले. शाप संपला. चौथ्या दिवशी पहाटे एक कोंबडा आरवला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा लोक त्याच्यावर चिडले.