खाडीची सोयरीक

आंबेखोलच्या खाडीवर परदेशी रसायन कंपनी येणार होती. सुनावण्यांना बसून गाव पार शिणलं होतं. कंपनीचा गोरा साहेब दुभाष्यामार्फत म्हणाला, "कारखाना अगदी निर्धोक आहे. नोकऱ्या देऊ, शाळा बांधू. आणखी काय हवं?"

खाडीतली कालवं विकून जगणारी चांगुणाकाकी जांभई आवरत उठली. "सायेब, मुलगी देण्याआधी आम्ही एक विचारतो. मुलगा एवढा गुणाचा, घरचा श्रीमंत, मग त्याच्या गावात त्याला कुणी मुलगी का देईना? तुमच्या देशात खाड्या नाहीत होय?"

साहेबानं टेबलावरची फुलं नीट केली. मग म्हणाला, "पुढचा प्रश्न?"

"याचं उत्तर येईस्तोवर बसतो आम्ही," काकी खाली टेकत म्हणाली.

खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, अजून बसलेत.