चाफापरीची रिकामी जागा

एका गावात एक भलीमोठी बाग होती आणि बागेच्या कडेला एक इवलीशी झोपडी. त्या झोपडीत कुंदा आईबरोबर राहायची. आई बागेतल्या झाडांना पाणी घाली. त्यांच्याकडे चहाचा पुडा क्वचितच येई, आणि त्या काळी पुड्यापुड्यात एक चित्र निघायचं! कधी मोगरापरी, कधी शेवंतीपरी, सगळ्या कशा रंगीत, चकचकीत. गावातली मुलं ती जमवत. कुंदा मात्र बागेत कुणी टाकलेली, चुरगळलेली चित्रं उचलायची, पाटाखाली दाबून सरळ करायची आणि वहीत चिकटवायची. वहीत आता एकच जागा रिकामी होती, चाफापरीची. पण कुंदाच्या सुरकुतलेल्या चित्रांशी कोणी अदलाबदल करीना. त्या रिकाम्या जागेवर बोट फिरवताना तिला फार वाईट वाटे.

एके सकाळी हौदाजवळच्या चिखलात तिला जास्वंदपरी दिसली. ती तर तिच्याकडे आधीच होती, तरी तिला तशी पडलेली बघवेना. कुंदाने आपल्या झग्याच्या टोकाने चित्र हलकेच पुसलं. लाल लाल झगा, पिवळा मुकुट, निळे निळे पंख. शेवटचा डाग निघाला आणि चित्रातून बोटभर परी लखलखत बाहेर आली.

"तीन गोष्टी माग, बाळ," परी म्हणाली. "पण दर मागण्याला माझा एक रंग उडेल. तिन्ही उडाले, की चित्र कोरं."

कुंदा कसली विचार करतेय! तिच्या तोंडून निघूनच गेलं, "तुला इतकं सुंदर काढलं कुणी?"

झालं, पहिली इच्छा तिथेच खर्ची पडली. झग्याचा लाल रंग भुर्रकन उडाला. परीने समोरच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथे दामोदर आजोबा चिमण्यांना दाणे टाकत बसले होते. त्यांना हल्ली फार अंधुक दिसे.

कुंदाने जवळ जाऊन विचारलं, तेव्हा आजोबांनी हातातले दाणे बाजूला ठेवले. मग त्यांनी सांगितलं, की साऱ्या पऱ्या त्यांनीच काढल्या होत्या. चहावाल्यांनी चित्रं नेली, नाव काही छापलं नाही, आणि त्यांच्याजवळ एकही परी उरली नाही.

"एकदा डोळे भरून बघायची होती गं," ते म्हणाले.

कुंदाने लगेच त्यांच्यासाठी नजर मागितली. मुकुटाचा पिवळा रंग उडाला आणि आजोबांना झाडाचं पान न् पान दिसू लागलं. त्यांनी चित्र हातात घेतलं. त्यात आता फक्त निळे पंख उरले होते.

"चाफापरी नको का तुला?" परी कुंदाच्या कानाशी कुजबुजली.

हवी तर होतीच. पण आजोबांची नजर त्या चिमुकल्या पंखांवरून हलत नव्हती.

"नको," ती म्हणाली. "त्यांना बघू दे."

आजोबांनी घरून रंगांची जुनी डबी आणली. झगा पुन्हा लाल झाला, मुकुट पिवळा झाला.

"आजवर सगळ्यांनी माझे रंग नेले," परी म्हणाली. "परत मिळाले ते तुझ्यामुळे." मग सोनेरी उजेडाची एक लाट बागभर पसरली आणि परी दिसेनाशी झाली.

आजोबांनी कुंदाची वही मागून घेतली आणि रिकाम्या जागेत नवी कोरी चाफापरी काढली. कुंदा हरखून बघत राहिली. मग तिने हट्टच धरला, की खाली नाव लिहा.

"नाव कशाला गं?" आजोबा हसले.

"म्हणजे ते विचारण्यात कुणाची इच्छा वाया जाणार नाही," कुंदा म्हणाली.