श्रीरंगाची निळी गाडी

बकुळीच्या वनाजवळ एका छोट्याशा घरात केतकी राहायची. तिचा मोठा भाऊ श्रीरंग मातीची इतकी सुंदर पाखरं करायचा, की वाटावं आता उडतील. पण त्याला चालता येत नसे. आई त्याला पाठीवर घेऊन हिंडायची. त्याला एकट्याला सोडून कामावर कसं जायचं? म्हणून चुलीवर कधी भात शिजे, कधी नुसती पेज. लग्नाकार्याला त्यांना कुणी बोलावत नसे.

एका सोनेरी सकाळी केतकी फुलं वेचायला वनात गेली. तिथे कोळ्याच्या जाळ्यात एक इवलीशी परी अडकली होती. तिचे गुलाबी पंख थरथरत होते. केतकीने हलक्या बोटांनी एकेक धागा सोडवला.

परी म्हणाली, "तुझी एक इच्छा मी पुरी करीन. पण ती दुसऱ्यासाठी हवी. आणि ज्याच्यासाठी मागशील, त्याला आधी विचारून ये हं."

केतकी धावत घरी आली. "दादा, तुझ्यासाठी चालणारे पाय मागू?"

श्रीरंगाने हातातलं मातीचं पाखरू खाली ठेवलं. "पाय नकोत गं. मला बाजारात जायचंय, माझी पाखरं माझ्या हाताने विकायला. पण आईच्या पाठीवरून नको. तिची पाठ दुखते, ती सांगत नाही."

केतकीने हे जसंच्या तसं परीला सांगितलं. परीने चिमूटभर चांदणं फुंकलं. अंगणात रुपेरी चाकांची निळीनिळी गाडी उभी राहिली. बाजारापर्यंतच्या पायऱ्या विरघळून तिथे गुळगुळीत उतरणी झाल्या.

श्रीरंग स्वतः चाकं फिरवत बाजारात गेला. गावातल्या तुळसाकाकू त्याच्यापाशी थांबल्या. "माझ्या लेकीच्या मांडवात टांगायला पाखरं करशील? आणि लग्नाला तिघंही या."

आईला फुलबागेत काम मिळालं. रोज भात शिजू लागला, वर तूपही.

एका दुपारी परी खिडकीत येऊन बसली. "पुष्कळ जण न विचारताच मागतात, केतकी. तू विचारलंस. आता स्वतःसाठी काहीतरी माग."

केतकीने वळून पाहिलं. चटईवर आई कितीतरी वर्षांनी दुपारची गाढ झोपली होती.

"हळूच जाशील?" ती कुजबुजली. "आईला झोपू दे."

परी हसली, आणि जराही आवाज न करता सोनसळी उजेडात विरून गेली.