होडी चालवतंय कोण?

आमचा गेम मेला तो धायगुडे सरांमुळे. सांगलीतल्या आमच्या स्टुडिओचे ते मालक, वय सदुसष्ट, आयुष्यात एकही गेम न खेळलेले. नवं, महागडं शेडरवालं इंजिन घ्यायचं त्यांच्या डोक्यात बसलं. शेडर म्हणजे पडद्यावरचा उजेड, पाण्याची चमक रंगवणारे प्रोग्राम. गेम ज्या सॉफ्टवेअरवर उभा असतो ते इंजिनच बदललं की आम्हा चौघांचं दोन वर्षांचं काम कचऱ्यात जाणार होतं.

विक्रेता डेमोला आला. कीबोर्ड बडवत त्याने पडद्यावर होडी पळवली.

“पाणी बघ, पाणी! हात ओला होईल!” सर म्हणाले.

“सर, आधी मला चालवून बघू द्या.”

“कॉलेज अर्धवट सोडलेल्याने मला अक्कल शिकवू नये.”

मी उठलो आणि मागून कीबोर्डची वायर उपटली. विक्रेता बटणं बडवतच राहिला, होडी झोकात वळणं घेत राहिली.

“अक्कल नाही शिकवत, सर. एवढंच सांगा, वायर माझ्या हातात आहे, मग होडी चालवतंय कोण?”

तेव्हा कुठे विक्रेत्याची बोटं थांबली. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ मात्र चालूच होता.

चारचौघांत चूक कबूल करण्यापेक्षा सरांनी खरेदीच्या करारावर सही करून टाकली. आमचं काम गेलं. त्या प्रश्नापायी माझी नोकरीही गेली.