शाल्मलीची पहिली फौज

शिशाची खेळणी माणसांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. एका दुकानात पटावर लढवायच्या चिमुकल्या फौजा फळ्यांवर उभ्या होत्या, अजून बिनरंगाच्या. शाल्मली आपली पहिली फौज निवडायला आली आणि त्यांची पाचावर धारण बसली. नवशिक्याची फौज रंगाने बरबटते आणि हरतच राहते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“आम्हाला रंगवणं फार अवघड आहे गं,” गरुडस्वार घाईघाईने म्हणाले. राक्षस एकमेकांच्या पाठीमागे दडले.

शाल्मली रडवेली झाली. “माझा हात थरथरतो. मी तुम्हाला बिघडवलं तर?”

तळाच्या फळीवरून एक बेडूक-शिपाई म्हणाला, “आमचेही पाय लटपटतायत. पण ने आम्हाला.”

शाल्मलीने श्वास रोखून रंगवलं, तरी बेडकांचे डोळे फिसकटले. पहिली लढाई ते हरले, दुसरीही.

काही वर्षांनी गरुडस्वारही तिच्या घरी आले. त्यांचं पीस न् पीस सुबक रंगलं. बेडकांकडे बघून ते हसले, “काय ही ध्यानं!”

फिसकटल्या डोळ्यांचा बेडूक म्हणाला, “तुम्हाला रंगवणारा हात आमच्यावरच शिकलाय.”