पंतोजींची खुंटी

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला, पण छाती फुगवून सांगावी अशीच आहे. नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. देवीच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा कोणी द्यायचा, हे बुद्धिबळाच्या डावावर ठरे. अलीकडच्या गावाला अकरा वर्षं तो मान मिळाला नव्हता. त्या साली त्यांच्याकडून बसली टोपल्या विणणारी तुळसाक्का. समोर पलीकडच्या गावचे पंतोजी. दोघंही तोडीस तोड!

डाव झटपट व्हायचा. प्रत्येकाजवळ पाण्याने भरलेलं, बुडाशी भोक पाडलेलं मडकं. आपली पाळी आली की खुंटी काढायची, खेळी झाली की लावायची. ज्याचं मडकं आधी रिकामं, तो हरला. बघ्यांनी मात्र तोंड उघडायचं नाही.

काय रंगला म्हणता डाव! घोडे उधळले, हत्ती पडले. मडक्यांत थोडंसंच पाणी उरलं, पंतोजींच्यात तर अगदीच कमी. त्यांनी उंट सरकवला आणि घाईत खुंटी लावायलाच विसरले. नजर पटावर, आणि पाणी आपलं चाललंय टपटप.

तुळसाक्काने ते पाहिलं. तिच्या गावच्या पाटलांनीही पाहिलं. ते डोळ्यांनीच विनवू लागले, बाई, हलू नकोस! नुसतं गप्प बसायचं, की मान गावाचा.

"पंतोजी," ती म्हणाली, "खुंटी लावा तुमची."

पंतोजी दचकले. त्यांनी खुंटी लावली. पुढे आठ खेळ्या झाल्या आणि उरल्यासुरल्या पाण्यात त्यांनी तुळसाक्काच्या राजाला मात दिली.

"अगं, हातातला मान घालवलास!" पाटील कडाडले.

"घालवला खरा," तुळसाक्का म्हणाली. "पण दादा, मी पंतोजींना हरवायला बसले होते, मडक्याला नाही."

पहिला खांदा पलीकडच्यांनी दिला. तिला फार वाईट वाटलं, पण मान ताठ होती.

दुसऱ्या दिवशी पंतोजी नातीला घेऊन होडीने आले. चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुळसाबाई, हिला तुमच्या हाताखाली घ्या. खेळ मीही शिकवला असता. पण काल तुमच्या जागी मी असतो, तर गप्प बसलो असतो."

मग पाटील उठले, फेटा सारखा केला आणि म्हणाले, "आमच्या गावची आहे ती!"

तर लहानथोरहो, खरेपणाने खेळून हरलेल्या माणसाला कधी मान खाली घालावी लागत नाही.